दार मिटले, कुलूप लागले नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : नव्या इमारतींतील डिजिटल कुलपे आणि त्यांचे आपोआप न लागणे

महोदय,

मुलुंड पूर्वेतील आमची चार मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला गेली आणि साडेतीन वर्षे भाड्याच्या घरांत काढून गेल्या मार्चमध्ये आम्ही त्याच जागेवरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. विकासकाने प्रत्येक सदनिकेच्या मुख्य दाराला डिजिटल कुलूप बसवून दिले आहे. बोटाचा ठसा, आकड्यांचा संकेत, कार्ड आणि मोबाइल अशा चार प्रकारांनी ते उघडते आणि दार ओढून घेतले की काही सेकंदांत आपोआप लागते, असे ताबा देताना आम्हाला सांगण्यात आले. यातले पहिले विधान खरे ठरले. दुसऱ्याविषयी हे पत्र आहे.

जूनमध्ये पाऊस धरला आणि तक्रारी सुरू झाल्या. सकाळी दार ओढून कामावर गेलेल्या एका भगिनींना संध्याकाळी परतल्यावर ते नुसते लोटलेले आढळले. दिवसभर घर उघडे होते, काही गेले नाही हे नशीब. दुसऱ्या एका घरी रात्री अकरानंतर कुलूप थांबून थांबून टीं-टीं करू लागले आणि अखेर त्या गृहस्थांनी त्यातले सेल काढून, आतून साधी कडी लावून झोपणे पसंत केले. मी ३४ वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढलेली असल्यामुळे कार्यकारिणीने हे प्रकरण माझ्या गळ्यात घातले. गणपतीपर्यंत मी ११ घरांची कुलपे स्वतः उघडून, लावून, कान देऊन तपासली. त्यांपैकी एकाच कुलपाची मोटर खरोखर निकामी झाली होती. बाकी १० घरांतली कुलपे ठीक होती. दोष दारात, चौकटीत, सेलमध्ये किंवा घरातल्याच कुणाच्या हातून बदललेल्या सेटिंगमध्ये होता. तरीही त्या १० घरांपैकी चौघांना कंपनीच्या माणसाने कुलपाचा आतला संच बदलण्याचे अंदाजपत्रक देऊन ठेवले होते. दाराकडे न पाहता कुलूप बदलण्याची ही घाई आपल्या इतर वाचकांनाही महाग पडत असणार, म्हणून जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे.

‘आपोआप लागते’ हे शब्द तीन निरनिराळ्या योजनांसाठी सरसकट वापरले जातात आणि आपल्या दाराला त्यांपैकी कोणती आहे हे कळल्याशिवाय दोष सापडत नाही. पहिल्या प्रकारचे कुलूप केवळ वेळ मोजते. उघडल्यापासून ठरलेले सेकंद संपले की ते बोल्ट, म्हणजे दारातून निघून चौकटीत शिरणारा धातूचा दांडा, बाहेर ढकलते. दार मिटले आहे की सताड उघडे आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. माझ्या मुलीच्या बाणेरच्या घरी असे कुलूप आहे. बाजारातून आणलेल्या पिशव्या आत घेईपर्यंत दार उघडे राहिले की बोल्ट हवेतच बाहेर येतो आणि मग ओढलेले दार त्या बोल्टसकट चौकटीवर आपटते. तिच्या चौकटीला त्या जागी नखाएवढा खड्डा पडलेला आहे. दुसऱ्या प्रकारात चौकटीत एक लहानसे चुंबक आणि दाराच्या बाजूला ते ओळखणारा संवेदक असतो, आणि चुंबक समोर आल्यावरच कुलूप वेळ मोजू लागते. तिसऱ्या प्रकारात दाराच्या कडेला, मुख्य बोल्टपासून थोड्या अंतरावर, एक छोटी तिरकी जीभ असते. दार मिटताना चौकटीवरची धातूची पट्टी ती जीभ आत दाबते आणि ती दाबलेली राहिली तरच मुख्य बोल्ट सुटतो. आमच्या टॉवरमधील कुलपे या तिसऱ्या प्रकारची आहेत. ताबा देताना जे माहितीपत्रक मिळाले त्यात रंगीत चित्रे भरपूर होती, पण या जिभेचा उल्लेख कुठेही नव्हता.

कुलूप कोणत्याही प्रकारचे असो, पहिली तपासणी एकच आहे आणि तिला पेचकससुद्धा लागत नाही. दार पूर्ण उघडे ठेवून कुलूप लावून पाहावे. पहिल्या प्रकारात ठरलेला वेळ थांबावे, दुसऱ्यात एखादे सुटे चुंबक संवेदकाजवळ धरावे, तिसऱ्यात ती छोटी जीभ पेन्सिलीच्या टोकाने दाबून धरावी. बोटाने दाबू नये, कारण बोल्ट बाहेर येतो तो विचारून येत नाही. उघड्या दारात बोल्ट एका दमात, एका सुरात आणि पूर्ण लांबीने बाहेर आला, तर मोटर, सेल आणि आतले सर्किट या तिघांनाही सहसा निर्दोष समजावे. तोच बोल्ट दार मिटल्यावर अडखळत असेल, अर्धा जाऊन परत फिरत असेल किंवा निघतच नसेल, तर दोष कुलपाबाहेर, म्हणजे दार आणि चौकट यांच्यामध्ये आहे. कारखान्यातही आम्ही यंत्राचा भार काढून मोटर एकटी चालवून पाहत असू. ही तपासणी त्याच जातीची आहे आणि तिला एक मिनिट लागते. आमच्याकडे आलेल्या कंपनीच्या माणसाने ती एकाही घरी केली नाही. तो दार मिटून घ्यायचा, मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘बोल्ट अडला’ अशी सूचना पाहायचा आणि मोटर गेल्याचे सांगायचा.

आमच्या स्वतःच्या घरी उघड्या दारात बोल्ट खटकन बाहेर आला. मिटलेल्या दारात मात्र तो कण्हल्यासारखा आवाज करून मागे गेला. दार मुठीला धरून जरा वर उचलले की तो लागत होता. एवढ्यावरूनच अर्धा निकाल लागला होता, पण नेमके कुठे अडते हे दिसावे म्हणून मी पत्नीच्या करंड्यातले चिमूटभर कुंकू दोन थेंब तेलात कालवून बोल्टच्या टोकाला लावले आणि दार मिटून कुलूप लावण्याचा प्रयत्न केला. दार उघडल्यावर चौकटीवरच्या पट्टीला, बोल्टसाठी ठेवलेल्या भोकाच्या खालच्या काठावर, लाल अर्धचंद्र उमटलेला होता. बोल्ट भोकापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर खाली येत होता. कुंकवाचा हा वापर घरात फारसा आवडला नाही, पण पुढे नऊ घरांत तोच उपयोगी पडला.

डाग कुठे पडतो यावरून पुढचा माग काढता येतो. खालच्या काठावर पडला तर दार खाली आले आहे असे समजावे आणि वरची बिजागरी पाहावी. मुख्य दार जड असते, कुलपाच्या दोन्ही बाजूंच्या संचांनी ते आणखी जड होते आणि त्याचा सगळा ओढा वरच्या बिजागरीच्या स्क्रूंवर येतो. आमच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू भोकात नुसतेच फिरत होते. भोकात गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, वाळू देऊन, त्यात आधीपेक्षा लांब स्क्रू बसवल्यावर दार आपल्या जागी गेले आणि ज्या कुलपाचा संच बदलायला सांगितला होता ते त्या दिवसापासून बिनतक्रार लागत आहे. डाग बाजूच्या काठावर पडला तर दार पुरेसे आत मिटत नाही असा अर्थ होतो. मग चौकटीला लावलेली रबरी पट्टी जास्त जाड आहे का, बाहेरच्या सेफ्टी डोअरला कुलपाची मूठ टेकते का, पायपुसण्याची कड दाराखाली दुमडते का, हे पाहावे. या यादीतले शेवटचे कारण क्षुल्लक वाटेल. पाचव्या मजल्यावरच्या एका घरी पंधरा दिवसांच्या मनस्तापाचे कारण नेमके तेवढेच निघाले.

काही घरांत डाग काठांवर कुठेच पडत नाही आणि तरी बोल्ट परत फिरतो. तेथे पट्टीमागचा खोबणीचा खड्डा उथळ असतो. बोल्ट पूर्ण लांबीने आत गेला नाही तर कुलूप ‘लागलो’ असे मानत नाही. अडथळा आला असे समजून ते बोल्ट मागे घेते आणि गजर करते, आणि तसे करणे योग्यही आहे. सातव्या मजल्यावरच्या घरात पट्टीचे दोन स्क्रू काढून मी खड्ड्यात पेचकस घातला तेव्हा आतून सिमेंट, पीओपी आणि रंगाच्या वाळलेल्या पापुद्र्यांचा ओंजळभर कचरा निघाला. गिलावा करणाऱ्याने भिंत भरली, रंगाऱ्याने चौकट रंगवली, कुलूपवाल्याने वरून पट्टी ठोकली आणि तिघांपैकी कुणीही आत बोट घालून पाहिले नाही. उन्हाळ्यात ताज्या सेलच्या जोरावर बोल्ट तो कचरा दाबत आत जात होता. सेल उतरू लागले तशी त्याची ताकद पुरेनाशी झाली.

आता पावसाबद्दल. लाकूड दमट हवेत फुगते हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते धाग्याच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे वाढते, हे लक्षात घेतले की पावसाळ्यात दाराची उंची तशीच राहून रुंदी का वाढते आणि कुलपाचीच बाजू चौकटीला का घासू लागते, हे कळते. त्यात डिजिटल कुलपाच्या पेटीसाठी दाराच्या कडेला भली मोठी खाच पाडावी लागते. ती पाडल्यावर उघडे पडलेले लाकूड रंग किंवा व्हार्निश न लावता तसेच सोडलेले मी प्रत्येक घरात पाहिले. दर्शनी भागाला चकचकीत लॅमिनेट आणि जिथून दमटपणा आत शिरतो तिथे कोरे लाकूड, अशी ही गत आहे. आमच्या जुन्या इमारतीची दारे ज्यांनी सांभाळली ते सुतारकाका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना मुद्दाम बोलावून विचारले, तेव्हा त्यांनी दाराला रंधा मारायला साफ नकार दिला. “आषाढात रंधा मारलात तर वैशाखात त्या फटीतून शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू येईल,” असे ते म्हणाले. त्यांनी पट्टीचे भोक कानशीने दीड-दोन मिलिमीटर मोठे केले, खाचेतले कोरे लाकूड दिवाळीनंतर, सुकल्यावर, व्हार्निशने बंद करायला सांगितले आणि चहा घेऊन गेले. या कामासाठी सुतार लागतो, इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ नव्हे, हे कुलूप विकणाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

भोक मोठे करतानाही एक सावधगिरी हवी. तिसऱ्या प्रकारच्या कुलपात ती छोटी जीभ पट्टीच्या सपाट भागावर टेकून दाबली जायला हवी. एका घरी आधीच्या कुणीतरी भोक इतके ऐसपैस कापले होते की जीभही त्यातच पडत होती. दार मिटल्याचा निरोप कुलपाला पोहोचतच नसे, त्यामुळे ते गजरही करत नसे, मुकाट उघडे राहत असे. माझ्या मते हा सर्वांत धोकादायक दोष आहे, कारण अडलेला बोल्ट ओरडून तरी सांगतो. चुंबकाच्या कुलपांतही असेच होते. दार खाली आले, चौकट हलली किंवा चिकटपट्टीने लावलेले चुंबक सरकले आणि ते संवेदकापासून ठरलेल्या अंतरापलीकडे गेले, की कुलपाच्या लेखी दार कायमचे उघडे. चौकट लोखंडी असेल तर चुंबकाचा प्रभाव तिच्यात वाटला जातो आणि लाकडी चौकटीत चालणारे अंतर तेथे चालत नाही. माझा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे जुन्या कुलपाच्या आतल्या खिटीवर मोटर चढवण्याचा प्रकार आहे. तेथे दार दुरुस्त केल्यावर ‘उघडे कुठे, बंद कुठे’ हे कुलपाला नव्याने शिकवावे लागते. ते न शिकवल्याने महिनाभर त्याचे कुलूप एकदा लागून झाल्यावरही पुन्हा लागण्यासाठी धडपडत होते.

सेलविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. आमच्या कुलपात चार पेन्सिल सेल लागतात. अल्कलाइन सेल प्रत्येकी १.५ व्होल्टचे, म्हणजे चारांचे ६ व्होल्ट होतात. काटकसर म्हणून घरातले चार्ज करण्याजोगे सेल घातले तर ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने एकूण ४.८ व्होल्टच मिळतात, आणि पुष्कळ कुलपांची ‘बॅटरी कमी’ ही सूचना साधारण तेथेच सुरू होते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त सेल तर मोटरचा झटका सोसूच शकत नाहीत. आकडे उजळायला अगदी थोडा प्रवाह पुरतो, बोल्ट ढकलायला त्याच्या कितीतरी पट लागतो. त्यामुळे दिवे लागतात म्हणून सेल चांगले आहेत असे समजणे चूक आहे. बोल्ट निघण्याच्या क्षणी आकडे मंदावत किंवा विझत असतील तर सेल संपले आहेत. चारही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदलावेत. एका घरी दोन नवे आणि दोन जुने घातले होते. जुन्यांपैकी एक पाझरला आणि स्प्रिंगवर हिरवट पांढरी, बुरशीसारखी पूड जमली. ती खरवडून काढल्यावर ते कुलूप चालू झाले. ओघात आलेच आहे म्हणून सांगतो, कुलूप कुरकुरते म्हणून त्यात खोबरेल तेल सोडू नये. त्यावर धूळ बसून त्याचा चिकटा होतो. फारच वाटले तर बोल्टवर ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरेशी आहे.

गणपतीत एक निराळाच प्रकार झाला. दीड दिवस माणसांची ये-जा असणार म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने कुलपाचे आपोआप लागणे बंद ठेवले होते. या सोयीला बहुतेक कंपन्या ‘पॅसेज मोड’ किंवा ‘नॉर्मल ओपन’ असे नाव देतात. विसर्जन झाले, पाट उचलला गेला, पण ही सोय बंद करायची राहिली. आठ-दहा दिवसांनी घरच्यांना वाटले की कुलूप बिघडले. कंपनीला फोन केला, त्यांनी कुलूप मूळ स्थितीत आणायला सांगितले, चिरंजीवांनी आतले बटण दाबून धरले आणि कुलूप खरोखर लागू लागले. त्याबरोबर घरातल्या सहाही माणसांचे ठसे पुसले गेले आणि उघडण्याचा संकेत कारखान्यातून येतो तो, म्हणजे १२३४५६, झाला. चार दिवस त्या घराचे दार कोणत्याही शाळकरी पोराला उघडता आले असते. कुलूप मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, आणि तो केल्यास दुसरे काही करण्याआधी संकेत बदलावा, हे फोनवर मदत देणाऱ्याने सांगायला हवे होते. वायफायची मात्र यात फुकट बदनामी होते. आपोआप लागण्याचा निर्णय सहसा कुलूप स्वतःच घेते, त्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. वायफाय गेल्यास मोबाइलवर जुनी स्थिती दिसू शकते एवढेच, म्हणून शंका आल्यास मोबाइलकडे न पाहता दार ओढून पाहावे.

कुलूप न लागणे हा एक दोष झाला. ते नको तेव्हा लागणे हा दुसरा, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत तो अधिक जाचक आहे. लॅचच्या दाराने बाहेर अडकणे हे मुंबईकराला नवे नाही. गंजीफ्रॉक आणि लुंगीवर, हातात दुधाची पिशवी घेऊन, आपल्याच दाराबाहेर उभ्या असलेल्या गृहस्थाला आम्ही सर्वांनी पाहिले आहे, काहींनी आरशातही पाहिले आहे. पण लॅच वाऱ्याने लागत असे, हे कुलूप निश्चयाने लागते. नवव्या मजल्यावरच्या ७९ वर्षांच्या एक आजी सकाळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला आल्या, त्यांच्यामागे दार मिटले आणि पाच सेकंदांत कुलूप लागले. मोबाइल आत, कार्ड आत, कुकर गॅसवर. वयाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या आणि त्यात हात ओले, त्यामुळे ठसा ओळखला जाईना. घाईत संकेत तीनदा चुकला आणि कुलपाने काही मिनिटे आकडे घेणेच थांबवले. शेजारच्या मुलाने धावत जाऊन त्यांच्या मुलीकडची यांत्रिक चावी आणली तोवर कुकरमधले पाणी आटून डाळ जळली होती. गॅस बंद व्हायला पंचवीस मिनिटे लागली. पाच सेकंद हा कारखान्याने ठरवून पाठवलेला वेळ होता. तो वाढवता येतो हे त्या घरात कुणाला माहीत नव्हते. आता तो ६० सेकंद केला आहे, त्या आजींच्या दोन बोटांऐवजी चार बोटांचे ठसे नोंदवले आहेत आणि यांत्रिक चावी शेजारी ठेवली आहे. ही चावी कुलपाबरोबर येते आणि अनेक घरांत ती घराच्याच आतल्या कपाटात जपून ठेवलेली सापडली. सेल पूर्ण संपले तर कुलपाच्या बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवण्याच्या दोन खुणा किंवा पॉवर बँक जोडण्याचे भोक असते. ते आपल्या कुलपाला कुठे आहे हे आजच पाहून ठेवावे. आतून दार उघडण्याला मात्र वीज, सेल किंवा संकेत यांपैकी काहीही लागता कामा नये. मूठ खाली दाबली की दार उघडले पाहिजे, आणि आतून दुहेरी कुलूप लावून झोपायची सवय असेल तर ते अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाला सोडवता येते का, हे घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्यावे.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. आमच्या तक्रारीवर विकासकाचे म्हणणे असे की कुलपाची हमी कंपनीची आहे, आणि कंपनीचे म्हणणे असे की दार व चौकट विकासकाची आहे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात आणि म्हणूनच काम होत नाही. विक्रीच्या सदनिका घेतलेल्यांना रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याच्या कलम १४(३)चा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे ते कलम म्हणते. खाली आलेले दार आणि सिमेंटने भरलेला खड्डा हे कारागिरीचे दोष नव्हेत, असे कुणी म्हणू नये. आमच्यासारख्या जुन्या सभासदांना मात्र विकसन करारात काय लिहिले आहे ते पाहावे लागते, आणि आमच्या करारात ‘नामांकित कंपनीचे डिजिटल कुलूप’ एवढेच शब्द आहेत. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी या ठिकाणी दोन ओळी अधिक लिहून घ्याव्यात : कुलूप बसवल्यावर प्रत्येक दार उघडे ठेवून आणि मिटून, दोन्ही प्रकारे तपासल्याची नोंद ताबापत्रासोबत द्यावी, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर दार, बिजागऱ्या व पट्टी यांची एक फेरतपासणी विकासकाच्या खर्चाने व्हावी. ज्यांनी कुलूप स्वतः विकत घेतले आहे आणि विक्रेता दाद देत नाही, त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्याआधी उघड्या आणि मिटलेल्या दारातील बोल्टचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे, म्हणजे दोष कुलपाचा की दाराचा यावर वाद उरत नाही. कंपन्यांकडे मागणे एवढेच की वापराची पुस्तिका मराठीत द्यावी आणि तिच्यात ॲपच्या आधी चौकटीवरची पट्टी दाखवावी.

आमच्या सोसायटीने येत्या ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, सुतारकाकांना एक दिवस बोलावून सगळी मुख्य दारे पाहून घेण्याचे ठरवले आहे. ज्या एका घरची मोटर खरोखर गेली होती, त्यांच्या कुलपाचा नवा संच ऑगस्टपासून ‘मागवलेला’ आहे. ते कुटुंब सध्या बाहेर जाताना जुन्या घरातून आणलेले, सहापैकी एकच चावी उरलेले पितळी कुलूप सेफ्टी डोअरला लावून जाते.

आपला विश्वासू,
सोसायटीच्या कार्यकारिणीचा एक ज्येष्ठ सभासद,
मुलुंड (पूर्व), मुंबई